साहेबांच्या विहिरीची पावती

उधव्याला मुलींच्या बोर्डिंगमागे एक विहीर आहे. तिच्या कट्ट्यात संगमरवरी पाटी बसवली आहे. पाटीवर मुंबईच्या एका मोठ्या साहेबांचं नाव आणि खाली ‘यांच्या उदार देणगीतून’ असं कोरलंय. तो ‘उदार’ शब्द वाचला की माझं डोकं अजून फिरतं. साहेब वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते. तरी फिरतं.

मी तेव्हा डहाणूच्या शाळेत शिकवत होते. नवरा रेल्वेत, बुकिंगच्या खिडकीवर. महाराष्ट्र राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते, जिल्हा मात्र आमचा ठाणेच होता. गावातल्या चार पगारदार माणसांनी मिळून एक संस्था काढली होती. एक निवृत्त स्टेशनमास्तर, एक डॉक्टर, एक हेडक्लार्क, आणि ‘बाईंचं अक्षर चांगलं आहे’ म्हणून चिटणीस मी. चांगल्या अक्षराचा मला आयुष्यात इतका ताप कधी झाला नव्हता.

संस्थेचं काम एकच होतं. उधव्याला बोर्डिंग चालवायचं, म्हणजे आसपासच्या पाड्यांवरच्या वारली मुलींना तिथे राहून शाळेत जाता येईल. कुडाच्या भिंती, वर कौलं, आणि सगळं सांभाळणारी एक बाई. तीही त्याच भागातली, नवरा गेल्यावर मुलीला घेऊन बोर्डिंगवर राहायला आलेली. मुली तिला काकी म्हणत, म्हणून आम्हीही काकीच म्हणायला लागलो.

तिथे अडचण पाण्याची. पावसाळ्यात नको नको होईल इतकं पाणी, आणि होळी आली की ओहोळ कोरडा. मग वाळूत खड्डा करायचा, पाणी झिरपायची वाट बघायची, आणि नारळाच्या करवंटीनं हंड्यात भरायचं. मुली उजाडायच्या आत तिथे जाऊन बसत. शाळेची घंटा व्हायची तेव्हा निम्म्या खड्ड्यापाशीच असत. एप्रिलमध्ये तर खड्डाही आटायचा आणि बोर्डिंग बंद करून मुलींना घरी धाडावं लागायचं, परीक्षा तोंडावर आलेली असताना. घरी गेलेली मुलगी जूनला परत येईलच असं नसायचं. कुणी गवताच्या कामाला लागायची, कुणाचं लग्न ठरायचं. काकीची स्वतःची मुलगी सातवीला होती, आणि ती सातवी पास झाली तर मास्तरीण होईल हे काकीनं ठरवूनच टाकलं होतं.

विहिरीसाठी पैसे मागायला मी साहेबांकडे गेले. सरावलीजवळ त्यांची चिकूची वाडी आणि बंगला होता. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीत ते सगळ्यात वरच्या खुर्चीवर होते. शनिवारी संध्याकाळी मोटारीनं यायचे, रविवारी जायचे. त्यांनी मला चहा दिला, मुलींची आस्थेनं चौकशी केली आणि म्हणाले, “बाई, विहीर माझ्याकडून. समजा, झालीच.”

मी बसनं घरी येईपर्यंत मनात विहीर बांधून, रहाट बसवून मोकळी झाले होते. नवरा म्हणाला, “पैसे हातात पडले?” मी म्हटलं, तुम्हाला मेलं कुणाचं चांगलं दिसतच नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा कराचा सल्लागार शाळेत आला. बारीक चणीचा, सोनेरी चष्मा, गुजरातीत घोळलेलं मराठी. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “बेन, तुमच्या संस्थेला इन्कम टॅक्सची मान्यता हाय?”

मला वाटलं, आमचं उत्पन्न ते काय आणि त्यावर टॅक्स काय! मग त्यानं मला समजावलं. साहेबांचा पगार एवढा, की वरच्या रुपयातला मोठा हिस्सा सरकारच घेऊन जातं. साहेबांनी मान्यता असलेल्या संस्थेला देणगी दिली, तर तेवढ्या रकमेवरच्या करात सूट. मान्यता नसलेल्या संस्थेला दिली तर सूट नाही. “म्हणजे साहेब रुपया देणार,” मी म्हटलं, “आणि त्यातला बराचसा सरकार त्यांना परत देणार?”

“परत नाय बेन. घेणारच नाय.”

मी स्वतः दर महिन्याच्या पगारातून पाच रुपये बोर्डिंगला देत होते. म्हटलं, “मग माझ्या पाच रुपयांवर मला काय सुटेल?” तो मनापासून हसला. “तुमच्या पगारावर टॅक्सच नाय, तर सुटणार काय?” रात्री हे नवऱ्याला सांगितलं, तर तोही हसला. म्हणाला, “बघ, पुण्य करायला सुद्धा आधी पगार लागतो.” मला काही हसू आलं नाही.

मान्यतेसाठी ठाण्याच्या आणि मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. संस्थेच्या उद्देशात ‘वारली मुलींसाठी’ असं होतं. सल्लागार म्हणाला, एका जातीचं नाव चालायचं नाही, सगळ्यांसाठी असं करा. आम्ही सगळ्यांसाठी केलं. मग घटनेत दुरुस्ती झाली म्हणून सभा, सभेचा ठराव, ठरावाची नक्कल, नकलेवर सही. यात मार्च निघून गेला, आणि मार्च गेला म्हणजे साहेबांचं वर्ष गेलं. त्या उन्हाळ्यात खड्डा आटला, मुली घरी गेल्या. काकीची मुलगी परीक्षेला बसलीच नाही. शाळा तपासायला आलेला इन्स्पेक्टर ओहोळाचं कोरडं पात्र बघून म्हणाला, “पुढच्या जूनला मी येईन तेव्हा इथे पिण्याच्या पाण्याची सोय दिसली पाहिजे. नाही तर ग्रँट बंद.” ग्रँट बंद म्हणजे बोर्डिंग बंद, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

काकी मला म्हणाली, “बाय, तो सायेब देतो बोलला ना? मंग कुठं अडला?” मी तिला काय सांगू? की पाणी मुंबईत एका टेबलावर अडलंय?

मान्यता आली गणपतीच्या सुमारास. मी आनंदानं सरावलीला पळाले. साहेब म्हणाले, “उत्तम! मार्चमध्ये चेक देतो.” वर्षाचा बोनस किती, कर किती, हे मार्चशिवाय कळत नाही म्हणे. शिवाय सूट मिळायलाही वरती मर्यादा असते, म्हणून निम्मी रक्कम या मार्चला, निम्मी पुढच्या. मी म्हटलं, “साहेब, खोदलेली विहीर बांधल्याशिवाय पावसात टिकत नाही. निम्मी विहीर म्हणजे खड्डा.” ते म्हणाले, “बाई, तुम्ही फार घाई करता.” अख्खा एक उन्हाळा वाट बघितलेल्या बाईला घाई करता म्हणाले. मी ओठ आवळून नमस्कार केला. मागणाऱ्यानं चिडायचं नसतं, हे मी त्या वर्षात इतकं शिकले की घरी येऊन भांड्यांवर राग काढायला लागले.

मार्चअखेर चेक आला आणि त्याच्यासोबत साहेबही आले. बोर्डिंगच्या अंगणात मांडव घातला, मुलींनी गाणं म्हटलं. साहेबांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, मी जवळून बघितलंय. मी पावती लिहून दिली. ती त्यांनी दोनदा वाचून खिशात ठेवली.

सभा संपते आहे असं वाटत असताना पाड्याचा कारभारी उभा राहिला. म्हातारा, काटक, डोक्याला फडकं. जवानीत त्याला जमीनदाराच्या वाडीवर वेठीला राबवलेला. वेठ मोडली तेव्हा मोडणाऱ्यांत तो होता. तो म्हणाला, “पानी देनारा रिकामा जाता नाय. दरसाल घरटी एक मानूस सायबाचे वाडीवर आठ दिस काम करील. पैसा नाय घेनार.”

मांडवात सगळ्यांनी माना हलवल्या.  त्या पाड्यांवर रीत होती, कुणी टोपलीतून काही आणून दिलं तर ती टोपली रिकामी परत करायची नाही, भाजी नसेल तर चार आंबे, आंबे नसतील तर मूठभर तांदूळ. हे मला ठाऊक होतं. पण हे काय भलतंच! मी त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, “बाबा, ही देणगी आहे. हिची फेड करायची नसते.”

“नाय बाय,” तो म्हणाला, “फेड नाय केली तर तीच वेठ. तो देनार, आमी नुसता घेनार, मंग उद्या बोलवल तवा जावाच लागल. आज आपले मनान दिला, म्हंजी बरोबरी झाली.”

 साहेबांना मी शहरी मराठीत समजावून सांगितलं. ते भारावून उठले आणि त्यांनी कारभाऱ्याचा हात हातात घेतला. मला वाटलं, झालं, भावना पोचली, आता विषय संपला.

विषय संपला असता, पण साहेबांच्या वाडीवर मुकादम होता. एप्रिल उजाडल्यावर त्यानं पाड्यावर निरोप धाडला, आळी करायची आहेत, कुंपण बांधायचंय, माणसं पाठवा. कारभाऱ्याच्या मनात पावसानंतरचे दिवस होते. पण शब्द दिलेला. माणसं कांबळी घेऊन सरावलीला गेली.

इकडे विहिरीवर सुरुंगवाले येऊन बसलेले. खडक फोडला की दगडमाती उपसायला माणसं हवीत, आणि ती सगळी साहेबांच्या चिकूच्या आळ्यांना माती लावताहेत! विहीर दिल्याबद्दल! मी उधव्याला गेले तेव्हा काकी आणि आसपासच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन दगड काढत होत्या. काकीची मुलगी तिच्या पाठोपाठ. मी म्हटलं, “अगं, परीक्षा आहे ना तुझी?” ती म्हणाली, “विहीर नाय झाली तर कुठली परीक्षा?” मला त्या क्षणी साहेब, मुकादम, सल्लागार, इन्कम टॅक्स, सगळ्यांना त्या खड्ड्यात उतरवावंसं वाटलं.

मुकादमाचे आठ दिवस संपता संपेनात. एका घरचा माणूस परतला की दुसऱ्या घरचा बोलवायचा, आळी संपली की पाट. मे महिना लागला तेव्हा कुठे माणसं परतली आणि भराभर खोदून खाली ओल लागली. गढूळ, हातभर, पण पाणी. कडेची माती मात्र ढासळत होती. दगडांनी बांधून काढली नाही तर पहिल्या पावसात सगळं आत येणार, आणि बांधायचे पैसे पुढच्या मार्चला.

अशात सल्लागार पुन्हा शाळेत हजर. या वेळी घाबरलेला. साहेबांनी मुंबईत चार मित्रांना कौतुकानं गोष्ट सांगितली होती, विहीर दिली तर गावानं वाडीवर फुकट काम करून दिलं म्हणून. ती सल्लागाराच्या कानावर गेली. “बेन, साहेब भोळे! देणगीच्या बदल्यात काय मिळालं तर ती देणगी नाय राहत. ऑफिसरला कळला तर सगळी सूट जाईल.”

“मग जाऊ दे.”

“सूट गेली तर पुढचा चेक पण जाईल, बेन.” असं म्हणून त्यानं पिशवीतून मजुरीची कोरी पत्रकं काढली. कामावर आलेल्या प्रत्येकाला मजुरी मिळाली असं त्यात लिहायचं, आणि मी त्यांचे अंगठे आणायचे. “तुमच्यावर विश्वास हाय त्यांचा. तुमी सांगाल तर देतील.”

“मजुरी दिली का पण?”

“ए तो कागदावर, बेन.”

वर्गात मुलं बसलेली होती म्हणून, नाही तर काय केलं असतं सांगता येत नाही. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे न दिलेल्या पैशावर अंगठा घेणाऱ्याला सावकार म्हणतात, आणि असल्या अंगठ्यांपायी या माणसांनी एकदा सगळं गमावलेलं आहे. तो चष्मा पुसत राहिला.

रविवारी मी सरळ बंगल्यावर गेले. चिडायचं नाही वगैरे सगळं वेशीवर टांगून. साहेब व्हरांड्यात होते, सल्लागारही होता. मी म्हटलं, “साहेब, ऐन खोदाईत तुमच्या मुकादमानं विहिरीची माणसं इथे राबवली. आता मजुरी दिली असं दाखवायचं असेल तर ती हातात द्या.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “बाई, ती माणसं खुशीनं आली. मला वाटलं, त्यांना बरं वाटतंय. मुकादम काय करतो ते मला कुणी सांगितलं नाही.” ते खरं बोलत होते, यानं मला जास्तच संताप आला. न कळण्याची सोय फक्त त्यांनाच होती.

मी आणखी बोलणार होते. तेवढ्यात सल्लागारानं कागदाच्या कोपऱ्यात काही आकडे मांडले आणि म्हणाला, “साहेब, मजुरी देऊन टाका. सूट जाण्यापेक्षा सस्तं पडेल.”

साहेब म्हणाले, “असं? मग देऊन टाका ना.” संपलं भांडण. मला हवं ते मिळालं आणि मी हरल्यासारखी बसस्टँडवर येऊन उभी राहिले. माझं बरोबर होतं म्हणून कुणी काही दिलं नव्हतं, ते स्वस्त होतं म्हणून दिलं होतं.

पुढच्या रविवारी मुकादम पैशांची थैली घेऊन उधव्याला आला. मीही गेले, अंगठे खऱ्या पैशांवर घेतले जातात ना हे बघायला. विहिरीजवळच्या मोहाखाली माणसं जमली. कारभाऱ्यानं थैलीकडे बघितलं आणि मान हलवली. “दिलेला काम. त्याचा पैसा घेत नाय.”

मुकादम माझ्याकडे बघायला लागला. आता यांना पैसे घ्यायला मीच समजवायचं! मी खाली बसले आणि सांगायला लागले. की साहेबांनी पैसे दिले, त्याची पावती दाखवली की तेवढ्यावरचा कर त्यांना सरकारला भरावा लागणार नाही. पण बदल्यात काही घेतलं असं झालं, तर भरावा लागेल. म्हणून त्यांना तुमचं काम फुकट नकोय.

कारभारी ऐकत होता. मग त्यानं विचारलं, “म्हंजी त्याचा पैसा त्याला सुटला?”

“सगळा नाही. पण बराचसा.”

“कोनी सोडला?”

“सरकारनं.”

“सरकारचा पैसा म्हंजी कोनाचा?”

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. म्हटलं, “सगळ्यांचा.”

“आमचा बी?”

“तुमचाही, बाबा.”

 त्यानं उठून विहिरीतल्या गढूळ पाण्याकडे बघितलं. मग म्हणाला, “मंग आमचे पैशाची विहीर, न आमी त्याचे वाडीवर कह्याला राबलों?”

  मुकादम दुसरीकडे बघायला लागला.

कारभाऱ्यानं अंगठा पुढे केला. त्याच्यामागून एकेकानं केला. मजुरी हातात पडली, आणि ज्याच्या त्याच्या हातातून ती परत कारभाऱ्याच्या फडक्यात जमा झाली. कुणी कुणाला सांगितलं नाही. त्याच पैशांचा चुना आला, दगड तिथलाच होता, आणि पहिला मोठा पाऊस यायच्या आत विहीर खालपासून वरपर्यंत बांधून झाली. जूनला इन्स्पेक्टरनं पाणी पिऊन बघितलं आणि ग्रँट राहिली. पुढच्या वर्षी काकीची मुलगी तेच पाणी पिऊन सातवीला बसली. साहेबांचा दुसरा चेक मार्चला आला, ठरल्याप्रमाणे. त्यातून कट्टा झाला, आणि ती पाटी.

पण त्या दुपारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. कारभाऱ्यानं ते फडकं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, “बांध आता.” मी चिटणीस. सवयीनं पिशवीतून पावतीपुस्तक काढलं आणि पेनचं टोपण उघडलं. “बाबा, थांबा, पावती देते.”

“पावती कह्याला, बाय?” तो म्हणाला. “माला कोन परत देनार हाय?”